आधी सातबारा बघ

रत्नागिरी, नोव्हेंबर 2025

चि. बाळा,

परवा फोनवर वैतागून म्हणालास, "काका, पावसात पडलेल्या दहा गुंठ्यांच्या भाताची मदत मिळून मिळणार किती? कशाला पंचनाम्याच्या मागे लागू?" तेव्हा नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

हिशेब तुझा बरोबर आहे. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8500, म्हणजे गुंठ्याला 85 रुपये. दहा गुंठ्यांचे साडेआठशे. किमान मदतीचा नियम धरला तर हजार. कापणीची मजुरीसुद्धा त्यात सुटत नाही. तरी पंचनामा करून घे. 33 टक्क्यांच्या वर नुकसान झालंय हे कागदावर आलं नाही, तर सरकारदरबारी तुझं भात पडलंच नाही. आपल्याकडे सगळेच दहा-पंधरा गुंठेवाले. सगळेच घरी बसले तर आपल्या आंजर्ले गावाचं नुकसान दिसणार कुठे? कोंब फुटलेल्या लोंब्यांचे फोटो काढ, मागे बांध दिसेल असे, आणि मगच भात उचल. ई-पीक पाहणीत पीक नोंदवलंयस ना, तेही तपास.

वाडीचं तर नीटच लक्षात ठेव. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाट मोकळी करायच्या घाईत लोकांनी पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढल्या, आणि मग मोजायला काही उरलं नाही. पुढच्या मे महिन्यातल्या तौक्तेच्या मदतीत माडाला झाडामागे 250 आणि पोफळीला 50 रुपये होते. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. पन्नास रुपयांत रोप आणि खड्डा एवढंच. पण अशा वेळी प्रत्येक खोड मोजलं गेलं पाहिजे. तोडण्याआधी बुंध्यावर चुन्याने नंबर घालायचा, वहीत उतरवायचा, पंचनाम्यावर सही करताना तोच आकडा आहे का बघायचा. आकडा चुकला असेल तर तिथेच सांगायचं, भीड धरायची नाही.

खरं घोडं पेंड खातं ते सातबाऱ्यावर. आपल्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. त्यांच्यामागे बोरिवलीचे, डोंबिवलीचे, बडोद्याचे वारस. शिवाय दोन्ही आत्यांची मुलं. राबतोस तू एकटा, पण कागदावर तुझं नाव नाही. निसर्गच्या वेळी आपले पैसे अडले ते यामुळेच, आणि दोष आपल्या घराचाच होता. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच गत आहे. यंदा एप्रिलपासून सरकारने जिवंत सातबारा मोहीम राज्यभर घेतली, ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठीच. मृत्यूचे दाखले गोळा कर, वारस नोंदीचा अर्ज दे. फेरफार मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नकोस.

तोवर मदतीसाठी बाकीच्या वारसांची संमतीपत्रं लागतील. इथे तुला एकच सांगणं आहे: कुणाला अंधारात ठेवून सही घेऊ नकोस. प्रत्येकाला फोन कर, रक्कम सांग, ती पुन्हा लागवडीलाच जाणार हे सांग. चुलतभावांना पैशाची हाव नाही, त्यांना भीती आहे ती जमिनीवरचा हक्क जाईल याची. म्हणून संमतीपत्रातच लिही, की ही संमती फक्त मदतीच्या रकमेपुरती आहे, मालकी हक्काला बाध नाही. पैसे जमा झाले की पासबुकाच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाक. शिमग्याला सगळे आले की उरलेल्या सह्या घे, पण बोलणं आत्ताच करून ठेव.

शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेव, खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बँकेत विचार. आंब्याचा विमा वेगळा. तो हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतो, या पंचनाम्याशी त्याची गल्लत करू नकोस.

माझं संमतीपत्र सोबत जोडलंय, सही दोन्ही पानांवर केली आहे. बडोद्याला मी स्वतः बोलतो. डोंबिवलीची वहिनी जरा तुटक बोलेल, तिच्याशी तूच बोल, आणि आधी तिच्या गुडघ्याची चौकशी कर.

तुझा,
काका