पहिलं पत्र मोठ्यांचं

लखनौत मे महिन्याच्या उत्तरार्धात शाळांना सुट्टी लागते, तेव्हा लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, ऐन भरात असते. सकाळी दहा-अकरापासून ऊन कलेपर्यंत मुलं घरातच. एवढी मोकळी दुपार वर्षात पुन्हा मिळत नाही. या वेळात मुलांनी चार ओळी लिहाव्यात असं घरोघरी वाटतं. मग नवी वही येते, रोज एक पान लिहायचं ठरतं, आणि आठवडाभरात ती वही कपाटात जाते. यात मुलांचा दोष नाही. कोणासाठी लिहायचं आणि कशाबद्दल, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

1928च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि वडील अलाहाबादला. समोरासमोर ज्या गप्पा झाल्या असत्या, त्या जवाहरलाल नेहरूंनी पत्रांतून केल्या. पृथ्वी कशी झाली, जीव कसे आले, माणूस बोलायला कसा लागला, हे सगळं त्यांत आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत त्यांनी लखनौमध्ये पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. इतक्या धामधुमीच्या वर्षातही मुलीला पत्रं लिहायला त्यांना सवड झाली. 1929मध्ये ती पत्रं पुस्तकरूपाने आली. लखनौत ‘माधुरी’ मासिकाचं संपादन केलेल्या प्रेमचंदांनी त्यांचा हिंदी अनुवाद केला. आपण मात्र मुलांना लिहायला सांगतो आणि स्वतः वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहीत नाही. हे मला पटत नाही.

कशाबद्दल लिहायचं, याचं उत्तर लखनौच्या मराठी माणसाला कैसरबागेत मिळेल. 1926मध्ये तिथे संगीताचं मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील. संगीताच्या शोधात ते देशभर हिंडले. जातील तिथल्या जाणकारांना गाठायचं, नेमके प्रश्न विचारायचे, मिळालेलं उत्तर टिपून ठेवायचं, असा त्यांचा शिरस्ता. 1904च्या दक्षिण यात्रेची त्यांची रोजनिशी याच सवयीतून झाली. मुलांच्या हाती असाच एखादा प्रश्न द्यावा. संध्याकाळी हातगाडीवर मलिहाबादचा दशहरी आंबा आला की विचारावं, हा झाडावर पिकला की पेटीत? चौकच्या बाजूला जाणं झालं तर चिकनचं भरतकाम करणाऱ्या मावशींना टाक्यांची नावं विचारावीत. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली. नाव लिहायचं, शेजारी तो टाका जमेल तसा काढायचा. बखिया कापडाच्या उलट्या बाजूने घालतात आणि सुलट बाजूला त्याची फक्त सावली दिसते, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं, त्याला पुढचं वाक्य सुचवावं लागत नाही.

एक पथ्य मात्र मोठ्यांनी पाळायला हवं. इथल्या शाळेत हिंदी शिकणाऱ्या आपल्या मुलांना देवनागरी येतेच, फक्त ‘ळ’ हातात बसलेला नसतो. आजीला लिहिलेल्या पत्रात ‘शाला बंद आहे, केली खाल्ली’ असं येतं. ते तसंच जाऊ द्यावं. लाल पेन काढलंत की पुढचं पत्र येणार नाही, आणि आलंच तर दोन ओळींचं येईल. आजीने उत्तरात ‘शाळा’ आणि ‘केळी’ नीट लिहिलं की मूल ते वाचून आपोआप सुधारतं. त्यासाठी आजीचं उत्तर यायला मात्र हवं. व्हिडिओ कॉलवर पत्र मिळाल्याचं सांगून भागत नाही. मुलाला कागदच हवा असतो.

म्हणून पुण्या-नागपुरातल्या आजी-आजोबांना, काका-आत्यांना आणि लखनौतल्या आईबाबांनाही माझी विनंती आहे. या सुट्टीतलं पहिलं पत्र तुम्ही लिहा. त्यात एक खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही आणि त्या मुलाला शोधता येईल. पत्त्यावर वडिलांचं नाव घालू नका. मुलाचं पूर्ण नाव घाला, म्हणजे पोस्टमन दारात त्यालाच हाक मारेल.