पालकत्व, दारिद्र्य आणि राज्याचा हस्तक्षेप

मूल आईबापांचे की राज्याचे, असा प्रश्न बालसंरक्षणाच्या चर्चेत वारंवार उपस्थित केला जातो; परंतु उत्तर कोणतेही दिले तरी मूल ही कोणाच्या तरी मालकीची गोष्ट आहे, हे त्यात गृहीतच धरलेले असते. ॲरिस्टॉटलने अपत्य स्वतंत्र होईपर्यंत पित्याचाच जणू अंश असते असे मानले आणि म्हणून पित्याकडून त्याच्यावर खऱ्या अर्थाने अन्याय घडू शकत नाही, असा निष्कर्ष काढला. सतराव्या शतकात जॉन लॉकने ही बाजू उलटवली: पालकांची सत्ता जन्म देण्यातून नव्हे, तर सांभाळण्याच्या कर्तव्यातून येते आणि कर्तव्य टाकले की तीही लोपते. पालकत्व ही अशी विश्वस्ताची जबाबदारी मानली, तर खरा प्रश्न मालकीचा उरत नाही. ती जबाबदारी पेलली जात नसेल तेव्हा राज्याने प्रथम काय करावे, हा उरतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर आहे. जनपद कसे वसवावे हे सांगताना तेथे बालक, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे म्हटले आहे. आणि लगेच पुढे पत्नी, अपत्ये व आईवडील यांना न पोसणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला असला, तरी तो सामर्थ्य असूनही न पोसणाऱ्यालाच आहे. म्हणजे ज्याला शक्य आहे त्याने टाळाटाळ केली तर तो दंडास पात्र ठरतो आणि ज्याला शक्य नाही त्याच्या बाबतीत पोषणाचा भार राजकोशाकडे जातो. असमर्थता आणि हेळसांड यांतील हा भेद हाच बालसंरक्षणाचा नैतिक पाया होय.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा भेद पूर्णपणे विसरलेला नाही. मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे, ही त्याची घोषित तत्त्वे आहेत. मात्र काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची व्याख्या करताना हाच कायदा ज्याला घर वा स्थिर निवारा आणि उपजीविकेचे साधन नाही, जे रस्त्यावर राहते, अशा मुलाचाही तीत समावेश करतो. असे मूल चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. व्याख्या मुलाची अवस्था सांगते, पालकांचा दोष नव्हे. पण प्रत्यक्ष व्यवहारात एकीवरून दुसऱ्याचे अनुमान सहज काढले जाते.

मुंबईत हे अनुमान विशेष अन्यायकारक ठरते. या शहराला बालसंरक्षणाची जुनी परंपरा आहे: मुंबई बालक कायदा १९२४ चा आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. पण याच शहरातील पदपथवासीयांच्या प्रकरणात, ओल्गा टेलिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केले की माणसे पदपथावर राहतात ती कामाच्या जवळ राहणे भाग असते म्हणून. चार घरची धुणीभांडी करून पदपथावर ताडपत्रीच्या आडोशाला मुलांना वाढवणाऱ्या आईविषयी सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या कौटुंबिक परिस्थितीची समितीसाठी केलेली नोंद, लिहिला जातो तेव्हा निवास आणि उत्पन्न यांचे रकाने तिच्या विरोधात बोलतात. मूल रात्री कोणाच्या कुशीत निजते, आजारपणात त्याला दवाखान्यात कोण नेते, हे मात्र विचारणाऱ्याने आस्थेने विचारले तरच कागदावर येते.

याचा अर्थ कुटुंब सदैव पवित्र आहे असा नाही. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार घरातच होत असेल, तर मुलाला तेथून तत्काळ हलवणे हेच राज्याचे कर्तव्य आहे आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, नातेसंबंधाला सबब मानलेले नाही. उलट रक्ताच्या नातेवाइकाने केलेला अत्याचार अधिक गंभीर ठरवला आहे. म्हणून कसोटी एकच असावी: पुरेशी मदत दिल्यास धोका टळेल काय? टळत असेल, तर ती मदत हेच संरक्षण. टळत नसेल, तर ताटातूट न्याय्य.

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून संकटात सापडलेल्या कुटुंबातील मुलासाठी दरमहा २,२५० रुपये दिले जातात. मुंबईसारख्या शहरात ही रक्कम तुटपुंजी असली, तरी तिच्यामागचे तत्त्व योग्य आहे. त्याला रात्रनिवारा, पाळणाघर आणि शाळा यांची जोड हवी. मुलाला आईपासून दूर ठेवण्याच्या प्रत्येक आदेशात, तातडीचा धोका नसेल तेव्हा, त्या कुटुंबाला आधी कोणती मदत देऊ केली आणि ती का अपुरी ठरली, याची नोंद असणे बंधनकारक करावे. ज्या राज्याने स्वतःचे पोषणाचे कर्तव्य केले नाही, त्याला आईच्या कर्तव्यच्युतीचा निवाडा करण्याचा नैतिक अधिकार पोहोचत नाही.