उतारशाळेचा हिशेब

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात सगळ्यांचं लक्ष जखमा बांधणाऱ्याकडे असतं. माझं जातं उतारशाळेच्या मालकाकडे. शोमरोनी त्याच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि वरचा खर्च परत येताना देईन म्हणतो. तो आलाच नाही तर? शुभवर्तमानात यावर एक अक्षर नाही.

मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हा असे दीनार समुद्रापलीकडच्या मंडळ्यांकडून येत. पुढे ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांचा हा ओघ आटला, यंत्रं महागली, आणि दवाखाना जगवायचा तर पैसे मोजणारा रुग्ण हवा झाला. यात लबाडी कुणाचीच नाही. पण हळूहळू फाटकावर क्रूस उरतो आणि आत अनामत भरल्याशिवाय खाट मिळत नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना वेगळाच पेच पडला. वेल्लोरला शिकलेलं हे जोडपं अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होतं. बरा करून पाठवलेला रुग्ण तेच दुखणं घेऊन पुन्हा दारात उभा राही. दुखणं गढूळ पाण्यात होतं, अर्धपोटी मुलांत होतं. खाटा वाढवून ते हटणार नव्हतं. 1970 मध्ये ते दुष्काळी जामखेडला गेले. गावातल्याच बायका निवडल्या, त्यांत दलित होत्या, निरक्षरही होत्या, आणि बाळंतपण, मुलांचा आहार, कुष्ठरोगाची खूण हे सगळं त्यांना शिकवलं. फुकट औषध वाटणं त्या मानाने सोपं. डॉक्टरने आपली विद्या, आणि तिच्याबरोबरचा मान, शिवाशिवीत पिचलेल्या बाईच्या हाती देणं अवघड. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचा अर्थ मला इथे लागतो. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. 1978 च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेचा हाच रस्ता धरला.

मिशन दवाखान्यांवरच्या धर्मांतराच्या आरोपाचा वाद इथे निघतोच. गोळीबरोबर बाप्तिस्म्याची अट आली की ती सेवा नव्हे, सौदा. मात्र हा आरोप करणाऱ्यांपैकी कितीजण त्या काळी कुष्ठरोग्याच्या जखमा धुवायला पुढे आले, हेही विचारावं लागेल.

मिशन रुग्णालयांच्या विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. वार्षिक ताळेबंदात आणखी एक रकाना आखा: पैशांअभावी यंदा किती जणांना फाटकावरून परत पाठवलं.