पद्मिनी घ्यायची म्हणतेस तर

चि. सानिका हिस,


तुझी खबर तुझ्या आईकडून कळली. 1984 ची पद्मिनी बघून आलीस, मालक भाव सोडत नाही आणि घरात तुझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही, म्हणून माझं मत हवंय. देतो. पण ते तुझ्या बाजूचंच निघेल असं धरून चालू नकोस. आणि गाड्यांचा विषय निघाला की मी लवकर आटपत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आधी एक सांगून टाकतो. जुन्या गाड्यांच्या नावाने हल्ली जे उमाळे येतात ते मला सोसत नाहीत. ‘तेव्हाच्या गाड्या काय दणकट होत्या’ म्हणणारे बहुतेक जण त्या गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून आजोळी गेलेले असतात; बॉनेट उघडून उभं राहण्याची पाळी त्यांच्यावर आलेली नसते. आमच्या तरुणपणी निवड अशी नव्हतीच. उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. संपली यादी. कुणी किती गाड्या काढायच्या ते सरकारी लायसन्सवर ठरायचं आणि गिऱ्हाईक नंबर लावून बसायचं. माल खपणारच आहे म्हटल्यावर सुधारायचा कशाला? ॲम्बॅसॅडर मूळची इंग्लंडातली मॉरिस ऑक्सफर्ड. 1950 च्या दशकाच्या अखेरीस इथे आली आणि 2014 पर्यंत जवळपास त्याच अंगाने निघत राहिली. मागची सीट ऐसपैस, हे कबूल. मंत्र्यांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला ती आवडायची ते त्या सीटमुळे. पण चालवणाऱ्याचा विचार त्या गाडीत कुणी केलाय असं मला कधी वाटलं नाही. तुझ्या बाबांचं मत वेगळं आहे; आमचा हा वाद जुना आहे.

फियाटचं तसं नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने 1954 पासून इथे जी फियाट 1100 जुळवायला घेतली तिला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. पुढचं तोंड बघितलंस तर का ते लगेच कळेल. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. मग ‘डिलाइट’ आली, आणि 1970 च्या दशकात इटलीवाल्यांशी करार सरल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. इंजिन 1089 सीसीचं. हलकं, गुणी; आणि गाडी हात दाखवाल तिकडे वळणारी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असल्यामुळे पुढची सीट सलग, तीन माणसं सहज मावायची. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पुरती थांबायच्या आत तो टाकायला गेलीस की कर्रर्र आवाज करून सगळ्या रस्त्याला सांगेल.

आणि आता घाट. बोरघाटात उन्हाळ्याच्या दुपारी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटांची रांग हे त्या काळचं नेहमीचं दृश्य. रेडिएटरला पाणी तर लागायचंच, पण खरी गंमत पेट्रोल पंपाची. हा पंप इंजिनाला चिकटूनच बसवलेला. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचायचंच नाही आणि गाडी दोन आचके देऊन गप्प. मेस्त्री लोक ‘एअर घेतली’ म्हणायचे. उपाय एकच: फडकं ओलं करून पंपाला गुंडाळायचं आणि वाट बघायची. अनुभवी माणूस खोपोलीलाच फडकं बांधून घ्यायचा, शिंग्रोबाला नाणं टाकायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता वर निघायचा. फडक्याला भिजवायला पुढे बाटली घेऊन बसायचं काम घरातल्या मोठ्या मुलाचं. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर तुमची पिढी तो घाट गाणी ऐकत चढते. चांगलंच आहे. त्या रांगेत उभं राहण्यात कसलाही थोरपणा नव्हता.

तरी लोकांचा त्या गाडीवर जीव का? माझं म्हणणं असं, की जीव लागायचा तो तिच्या खोडींमुळे. पॉइंटला काजळी धरली की पॉलिश पेपरचा तुकडा घालून घासायचा, फिलर गेजने फट लावायची, चोक किती ओढायचा ते हवामान बघून ठरवायचं. इतका हात फिरला की माया बसतेच. पण माया बसली म्हणून गाडी चांगली ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर त्यांची सरमिसळ झालेली दिसेल.

बुलेटचंच घे. 1955 पासून मद्रासला निघणारी, लष्कराने घेतलेली, वगैरे सगळं खरं. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. चालू करायची तर आधी डीकॉम्प्रेसर दाबून किक हळू सरकवायची, ॲमीटरचा काटा मधे आणायचा आणि मग एकच दणका. काटा चुकला तर किक उलटी येऊन नडगी शेकायची. एवढा सोपस्कार झाल्यावर जो आवाज येतो त्यावर माणसं लट्टू असतात. मला तो आवाज आवडतो, पण आवाजाने माणूस कचेरीत वेळेवर पोचत नाही. कचेरीत पोचवायची ती स्कूटर. 1972 च्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. परदेशातून डॉलर पाठवणारा नातेवाईक असेल तर लवकर मिळायची, म्हणून अमेरिकेतल्या मेव्हण्याला त्या काळी जरा जास्तच मान होता. सकाळी उठून ती एका अंगाला तिरकी करायची, पुन्हा सरळ करायची, मग किक. पुण्यातल्या प्रत्येक वाड्यात आठच्या सुमारास हा व्यायाम चाले.

आता माझं खरं मत ऐक, आणि हसू नकोस. माझ्या हयातीतलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे लूना.

फिरोदियांच्या कायनेटिकने 1972 मध्येच ती आणली. मूळ घडण इटलीतल्या पियाजिओच्या ‘चाओ’ची. पन्नास सीसीच्या आतलं इंजिन, गिअर नाही, पायडल मारून चालू करायची आणि पेट्रोल संपलं तर तशीच सायकलसारखी घरी आणायची. गाडीवाले तिला वाहनच मानत नाहीत. पण दूधवाला, एलआयसीचा एजंट, शाळामास्तर आणि मुख्य म्हणजे बायका हिच्यावर बसल्या. त्याआधी घरच्या स्कूटरवर बाईची जागा मागे, तीही एका बाजूला पाय सोडून. लूना तिच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारातून आली. तुझी आजी टिळक रोडच्या बँकेत लूनावरून जायची. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पुढच्या फळीवर भाजीची पिशवी, आणि परतताना तुझी आई मागे कॅरिअरवर. ‘येताना मला घ्यायला या’ हे वाक्य आमच्या घरातून त्या गाडीने हद्दपार केलं. माझ्या फियाटने घरात एवढा फरक पाडला नव्हता. पुढे 1984 मध्ये बटणावर चालू होणारी कायनेटिक होंडा आली आणि आज तुझ्या वयाच्या मुली ज्या स्कूटरी उडवतात त्यांची वाट तयार झाली.

चारचाकीत तो मान मारुतीचा. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. 796 सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ओढ. ‘काड्यापेटी’ म्हणून आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. मग एका थंडीत महाबळेश्वरला ती पहिल्या किल्लीला सुरू होताना बघितली, शेजारी फियाटवाला चोक ओढून ओढून घामाघूम. वाद तिथेच मिटला. आमच्या ओळखीचा एक मेस्त्री मात्र मारुतीवर डूख धरून होता. बॉनेट उघडलं तर आत करायला काही नाही, म्हणायचा. याहून मोठं प्रशस्तिपत्र गाडीला काय मिळणार? ॲम्बॅसॅडर बंद पडली त्याच 2014 मध्ये ही मारुती 800 सुद्धा बंद झाली, पण गळे काढले गेले ते ॲम्बॅसॅडरसाठी.

सुमो, ट्रॅक्स, कमांडर या वडापवाल्या गाड्यांबद्दल पुन्हा कधीतरी. सुमो हे नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या आद्याक्षरांवरून पडलं, एवढं तूर्त लक्षात ठेव. वडापच्या मागच्या बाकावर गुडघे आवळून बसणाऱ्याला ते सहसा माहीत नसतं.

तर तुझी पद्मिनी. रोज हिंजवडीला न्यायची असेल तर माझा साफ नकार. पॉवर ब्रेक नाहीत, पट्टे नावापुरते, आणि हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तिच्या जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्या आधी बदलाव्या लागतील. मुंबईतही 2003 साली नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा टॅक्सीवाल्यांमुळे सहज मिळणारे सुटे भागही आता शोधावे लागणार. मालक ‘व्हिंटेज’ म्हणून भाव वाढवत असेल तर त्याला सांग, सरकारी नियमात तो मान पन्नास वर्षं पुरी झालेल्या आणि मूळ स्थितीतल्या गाडीला. 1984 च्या गाडीला अजून अवकाश आहे. तोवर दर पाच वर्षांनी पासिंग आणि हरित कर हे चालायचंच.

रविवारी हौसेने काढायची, स्वतःच्या हाताने खोलायची असेल तर मात्र घे. भाव ठरवण्याआधी पायातले मॅट उचलून खालचा पत्रा बघ, डिकीत स्टेपनीखाली बघ, दरवाज्यांच्या खालच्या कडांवरून हात फिरव. खिशात लहानसं चुंबक ठेव. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. इंजिन धूर टाकत असलं तरी घाबरू नकोस, रिंग-पिस्टनचं काम करता येतं. कुजलेला सांगाडा करता येत नाही. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा, मालकाच्या मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नकोस.

शनिवारी मी मोकळा आहे. मालकाला म्हणावं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करून तापवून ठेवू नकोस, थंड इंजिन कसं उठतं ते मला बघायचंय.

तुझा,
अण्णाआजोबा