वहिवाट, रस्ता आणि पंढरीचा हातगाडीवाला

'वहिवाट' हा मराठी शब्द दोन वेगळ्या माणसांच्या बाजूने बोलतो. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या लोक ये-जा करत आले की तो वहिवाटीचा रस्ता ठरतो. कोणी अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. एकाच कोपऱ्यावर वर्षानुवर्षे भजी तळणाऱ्याबद्दलही 'त्याची इथली जुनी वहिवाट आहे' असेच म्हणतात. चालणाऱ्याचा आणि बसणाऱ्याचा हक्क एकाच रस्त्यावर आला की धर्माचा प्रश्न उभा राहतो: काळ लोटल्याने हक्क निर्माण होतो का, आणि होत असेल तर कशाचा?

पंढरपूर हे क्षेत्रही आहे आणि बाजाराचे गावही. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांवर तिथले अनेक संसार उभे आहेत. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर चुरमुऱ्यांचे ढीग, बत्तासे, बुक्का, तुळशीमाळा आणि मधूनमधून चहा-भज्यांच्या गाड्या. अशा जुन्या गाडीच्या चाकांखाली बहुधा विटा लावलेल्या असतात. चाके नावाला, गाडी जागची हललेली नसते. कढईखालची फरशी तेलाने काळी पडलेली असते. दिंडीतली म्हातारी माणसे गल्लीचे नाव विसरतात, पण 'त्या भजीवाल्याच्या डाव्या हाताला' हे विसरत नाहीत. एकाच्या बसण्यावर दुसऱ्यांच्या चालण्याच्या खुणा बेतल्या जातात, आणि वहिवाटीचे खरे बळ इथे आहे.

धर्मशास्त्राने हा प्रश्न फार बारकाईने पाहिला. याज्ञवल्क्यस्मृती लेख, भुक्ती आणि साक्षी अशी तीन प्रमाणे मानते. मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याने हरकत न घेता, दुसऱ्याने जमीन वीस वर्षे भोगली तर मालकाची हानी होते, असेही सांगते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मात्र ही हानी उत्पन्नाची मानली, स्वामित्वाची नव्हे. भोगापेक्षा आगम, म्हणजे हक्काचे मूळ, श्रेष्ठ. अपवाद वाडवडिलांपासून चालत आलेल्या भोगाचा. शिवाय राजाचे धन या मुदतीच्या नियमातून वगळलेले आहे. रस्ता सार्वजनिक असल्याने तोच न्याय त्याला लावणे योग्य वाटते: तीन पिढ्या बसूनही विक्रेता रस्त्याचा मालक होत नाही. पण मालकी नाही म्हणजे काहीच नाही, असे त्यातून निघत नाही.

परंपरेचा आधार घेताना एक धोका ओळखला पाहिजे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो आणि हा धंदा आपल्या कुळात चालत आल्याचे सांगतो. बाजारात बसलेला माणूस धर्माचा अधिकारी ठरतो, हे त्या कथेचे मोठेपण. पण 'वाडवडिलांचे म्हणून माझे' याच तत्त्वाने जातींना धंद्यांशी जखडून ठेवले आणि वतनेही टिकवली. पंढरपुरातच बडवे-उत्पातांचे मंदिरातील वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने रद्द झाले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ते हक्क तर कोणत्याही गाडीपेक्षा कितीतरी जुने होते. नुसते जुनेपण पुरत नाही, ते असे.

त्याच वर्षी 1 मे रोजी पथविक्रेता कायदा लागू झाला. त्याआधी 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला होता, पण ठरावीक जागेवर कायमचा हक्क नाकारला होता. नव्या कायद्याने पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानले आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असे सांगितले. इतरत्र हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे. मात्र प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करायचा आणि उपजीविकेचे दुसरे साधन नसावे. वतनापासून हा हक्क इथे वेगळा होतो. वतनदार घरी बसून उत्पन्न घेऊ शकत असे. इथे हात कढईपाशी असेल तोवरच जागा. म्हणून बडव्यांचा हक्क जाणे आणि भजीवाल्याचा राहणे यांत विसंगती नाही.

चालणाऱ्याचा हक्क तरीही वरचढ राहतो. आषाढीला लाखोंची गर्दी अरुंद रस्त्यात शिरते तेव्हा अडथळा म्हणजे जिवाशी गाठ, आणि त्या दिवसांपुरती गाडी मागे घेणे हा विक्रेत्याचाही धर्म ठरतो. अवघड प्रकरण आहे ते वारीपुरते येणाऱ्यांचे. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन, आणि वर्षातले थोडे दिवस पंढरीत त्याच भिंतीला टेकून पथारी, आजोबांपासून. स्मृतीच्या कसोटीवर तीन पिढ्यांचा भोग भरतो. कायद्याच्या कसोटीवर जमीन हे उपजीविकेचे दुसरे साधन ठरू शकते आणि पथारीचा दावा तिथेच अडतो.