हातांचा सदका

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी आहे, ज्याने मानवाला दोन हात दिले आणि त्या हातांना कौशल्य दिले. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी कष्ट करणाऱ्या हातांचा मान वाढविला.

आदरणीय बंधू-भगिनींनो! थंडीचे दिवस आले की आपल्या वस्त्यांमध्ये ब्लँकेट वाटपाचे आवाहन सुरू होते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते पैसा देतात. परंतु प्रत्येक घरात अशीही एखादी व्यक्ती असते जिच्या हातात स्वतःचा असा पैसा नसतो. मुलांच्या आधाराने राहणारी वृद्ध आई, एखादी विधवा बहीण किंवा शिकत असलेली मुलगी दानाचे आवाहन ऐकते आणि मनात म्हणते की ही गोष्ट माझ्यासाठी नाही. या लेखात आपण त्या व्यक्तीशी बोलणार आहोत; कारण तिचा हा समज खरा असेल, तर अल्लाहने पुण्याचे दार तिच्यासाठी बंद ठेवले, असे म्हणावे लागेल. अल्लाह अशा अन्यायापासून पवित्र आहे.

क्रोशाची एक सुई आणि थोडी लोकर घेऊन विणला जाणारा चौकोन आपल्यापैकी अनेक भगिनींना ठाऊक आहे. काही साखळ्यांचे एक छोटे वर्तुळ करायचे, त्यात तीन-तीन खांबांचे चार पुंजके घालायचे, पुंजक्यांमध्ये साखळ्या टाकून चार कोपरे काढायचे, आणि पुढची प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या रिकाम्या जागांत विणत जायची. आठ इंचाचा चौकोन एका-दोन बैठकींत पूर्ण होतो. असे पाच चौकोन रुंदीला आणि सात लांबीला, म्हणजे एकूण ३५ चौकोन जोडले की ४० इंच रुंद आणि ५६ इंच लांब असे ब्लँकेट तयार होते. लहान मुलाला त्यात पूर्ण गुरफटता येते. आपल्या दादी-नानी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवत आल्या, त्याच जातीचे हे काम आहे.

हे काम एकट्याने न करता अनेकांनी मिळून करण्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. दक्षिण आफ्रिकेत, जेथील केप टाउन शहरात कोकणातून गेलेल्या मुस्लिम कुटुंबांच्या पिढ्या नांदत आहेत, २०१३ च्या अखेरीस नेल्सन मंडेला यांच्या सार्वजनिक सेवेच्या ६७ वर्षांची आठवण म्हणून ६७ ब्लँकेट विणण्याचा संकल्प झाला. १८ जुलै हा मंडेलांचा जन्मदिवस, आणि जुलै महिना म्हणजे तिकडे ऐन थंडीचा काळ. हा संकल्प ६७ वर थांबला नाही. तेथील तुरुंगांतील कैद्यांनीही सुई हाती घेतली. आपल्या देशात ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे स्त्रियांनी विणलेले भाग जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे ब्लँकेट साकारले आणि नंतर ते सुटे करून गरजूंसाठी देण्यात आले. जो कैदी स्वतः कुलुपाआड आहे, तोही एखाद्या अनोळखी मुलाला ऊब देऊ शकतो, तर मोकळ्या घरात बसलेल्या माणसाने ‘माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही’ असे कसे म्हणावे?

दिव्य कुरआनातील सूरह अन्‌-नहलमध्ये अल्लाहने आपल्या कृपांची गणना करताना पाचव्या आयतीत पशूंमध्ये माणसासाठी असलेल्या उबेचा उल्लेख केला आहे, आणि ८० व्या आयतीत लोकर व केसांपासून मिळणाऱ्या घरगुती वस्तूंचा. म्हणजे ऊब ही आपण बाजारातून विकत आणतो त्याआधी अल्लाहची देणगी आहे. जी गोष्ट देणगी म्हणून मिळाली, तिच्यात त्याच्या दासांचा वाटा असणे स्वाभाविकच आहे.

आता हातांच्या कष्टाचे मोल पाहू. प्रेषितांच्या (स.) पत्नींनी एकदा विचारले की आपल्यापैकी सर्वप्रथम तुम्हाला येऊन कोण भेटेल? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की जिचा हात सर्वांत लांब असेल ती. तेव्हा त्या आपापले हात मोजू लागल्या. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर पत्नींपैकी सर्वप्रथम आदरणीय जैनब बिन्ते जहश (र.) यांचे निधन झाले, तेव्हा उमगले की लांब हात म्हणजे दान करणारा हात. सहीह मुस्लिममध्ये आदरणीय आयशा (र.) यांचे कथन आहे की जैनब (र.) स्वतःच्या हातांनी काम करीत आणि दान देत. त्या कातडी कमावण्याचे व शिवण्याचे काम करीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. श्रद्धावंतांच्या मातेने हात मळवून केलेले दान हे ज्या उम्मतपुढचे उदाहरण आहे, त्या उम्मतमध्ये हाताने काम करणे कमीपणाचे ठरूच शकत नाही.

सहीह बुखारीतील एका हदीसनुसार प्रेषितांनी (स.) सांगितले की दान करणे प्रत्येक मुस्लिमावर आहे. सोबत्यांनी विचारले की ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने काय करावे? त्यावर त्यांनी सांगितले की त्याने आपल्या हातांनी काम करावे, स्वतःलाही लाभ करून घ्यावा आणि दानही करावे. या उत्तरात गरिबाला दानातून वगळलेले नाही. त्याला मार्ग दाखविला आहे.

तरीही थोडे देणाऱ्याची थट्टा करणारे प्रत्येक काळात असतात. दानाचा आदेश झाला तेव्हा मदीनेतील गरीब सोबती पाठीवर ओझी वाहून मजुरी मिळवीत आणि त्यातून दान करीत. आदरणीय अबू अकील (र.) थोडेसे धान्य घेऊन आले, तेव्हा दांभिक म्हणाले की अल्लाहला याच्या दानाची गरज नाही, आणि कोणी मोठे दान आणले तर म्हणाले की हा दिखावा आहे. या प्रसंगी सूरह अत्‌-तौबाची ७९ वी आयत अवतरली. ज्यांच्याजवळ स्वतःच्या श्रमाखेरीज काही नाही, त्यांची थट्टा करणाऱ्यांविरुद्ध स्वतः अल्लाह उभा राहतो, असे ती आयत सांगते. ‘एका चौकोनाने काय होणार?’ असे एखाद्या वृद्ध भगिनीला हसत म्हणणाऱ्याने ही आयत अवश्य वाचावी.

एका चौकोनाने खरोखरच कोणाची थंडी जात नाही. पण ३५ चौकोनांमधून एक चौकोन काढून घेतला, तर ब्लँकेटला भोक पडते. प्रेषितांनी (स.) श्रद्धावंतांना इमारतीची उपमा दिली, जिचा एक भाग दुसऱ्याला बळकट करतो, आणि हे सांगताना आपल्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून दाखविली. मुदर कबिल्यातील लोक अंगावर पुरेसे वस्त्र नसलेल्या अवस्थेत मदीनेला आले, तेव्हा त्यांची दशा पाहून प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग बदलला. त्यांनी लोकांना दानाचे आवाहन केले आणि अर्ध्या खजुरीचाही उल्लेख केला. एका अन्सारी सोबत्याने प्रथम जड थैली आणली, मग लोक येत गेले आणि अन्न व कपड्यांचे ढीग लागले. तेव्हा प्रेषितांचा (स.) चेहरा आनंदाने उजळला. आज वस्त्र नसलेल्याला पाहून आपल्या चेहऱ्याचा रंग बदलतो का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

विणकामाशी थेट संबंध असलेली एक घटना आदरणीय सहल बिन सअद (र.) यांनी कथन केली आहे. एका स्त्रीने काठ असलेली एक चादर प्रेषितांकडे (स.) आणली आणि ती आपण स्वतः विणल्याचे सांगितले. त्यांना तिची गरज होती, म्हणून त्यांनी ती स्वीकारली व परिधान केली. इतक्यात एका माणसाने तीच मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती देऊन टाकली. लोकांनी त्याला दोष दिला, तेव्हा तो म्हणाला की मला ती नेसायला नको होती, माझे कफन व्हावे म्हणून मी ती मागितली. आणि खरोखर तीच त्याचे कफन झाली. त्या स्त्रीचे नाव या कथनात आलेले नाही. तिने विणलेले वस्त्र कोठपर्यंत पोहोचणार आहे, हे विणताना तिला ठाऊक नव्हते. आपणही विणताना हे जाणत नाही. देणे आपल्याकडे आहे, पोहोचविणारा अल्लाह आहे.

परंतु भगिनींनो, विणलेले उसवतेही. क्रोशाचा शेवटचा टाका पक्का केला नाही, तर एका ओढीने सारे काम सुटून पुन्हा नुसता धागा उरतो. ज्या सूरह अन्‌-नहलमध्ये लोकरीच्या देणगीचा उल्लेख आहे, तिच्याच ९२ व्या आयतीत अल्लाहने त्या स्त्रीसारखे होऊ नका असे बजावले आहे, जिने मेहनतीने सूत मजबूत कातले आणि नंतर स्वतःच त्याचे तुकडे तुकडे केले. ही आयत वचन व शपथा मोडण्यासंबंधी आहे, आणि तिची उपमा आपल्या प्रत्येक सत्कर्माला सावध करणारी आहे. हातांचा हा सदका तीन गोष्टींनी उसवतो.

पहिली गोष्ट म्हणजे निकृष्ट वस्तू देणे. सूरह अल-बकराच्या २६७ व्या आयतीत अल्लाहने चांगल्या वस्तूंतून खर्च करण्याचा आदेश दिला आणि जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती दानासाठी निवडण्यास मनाई केली. उरलेली लोकर वापरणे वाईट नाही. उलट तिचा अपव्यय टळतो. पण कुजकी, अंगाला टोचणारी, एका धुण्यात आक्रसणारी लोकर ‘दानासाठी चालेल’ म्हणून वापरू नये. चौकोन ठरलेल्या मापाचा असावा, टोके आत ओवून पक्की केलेली असावीत, आणि तान्ह्या बाळासाठी असेल तर विणकाम घट्ट असावे, म्हणजे त्याची बोटे छिद्रांत अडकणार नाहीत. आपल्या नातवाच्या अंगावर घालताना जी काळजी घेऊ, तीच काळजी येथे घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे दिखावा आणि उपकाराची जाणीव करून देणे. सूरह अल-बकराच्या २६४ व्या आयतीनुसार उपकार बोलून दाखविल्याने आणि मन दुखावल्याने दान वाया जाते. ज्या खडकावरची माती एका पावसात धुऊन निघते, त्याची उपमा तेथे दिली आहे. ब्लँकेट देताना कुडकुडणाऱ्या मुलाला उभे करून छायाचित्र काढणे आणि ते सर्वत्र पाठविणे याला आपण काय म्हणावे? त्या मुलाला ऊब मिळाली, पण त्याच्या आईची मान खाली गेली. सूरह अद्‌-दहरमध्ये ज्या सज्जनांची प्रशंसा आहे, ते देताना ना मोबदला इच्छितात ना आभार.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्द न पाळणे आणि आधीचे कर्तव्य टाळणे. मैत्रिणींमध्ये बसून ‘मी दहा चौकोन देईन’ असे म्हटले, तर तो दिलेला शब्द आहे. त्या दहांसाठी बाकीचे पंचवीस थांबून राहतात. ज्याने एकच सांगितला आणि एक दिला, तो उत्तम. कारण अल्लाहला नित्य केले जाणारे कर्म प्रिय आहे, मग ते थोडे का असेना. तसेच हा ऐच्छिक सदका आहे, जकात नव्हे. ज्याच्यावर जकात अनिवार्य आहे, त्याला संपत्तीचा चाळिसावा भाग द्यावाच लागेल. विणकामाच्या मजुरीचा हिशेब लावून त्यातून सुटका नाही. विणण्याच्या नादात नमाजची वेळ टळू नये. आणि दूरच्या मुलासाठी विणताना आपल्याच घरातील सासूचे वा विधवा नणंदेचे पांघरूण विरलेले असेल, तर पहिला हक्क तिचा आहे. आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्या पत्नीने पती आणि आपल्या आश्रयातील अनाथांवर खर्च करण्याविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) दुहेरी मोबदल्याची शुभवार्ता दिली, एक नात्याचा आणि दुसरा दानाचा.

शेवटी, ब्लँकेट कोणाला द्यावे? जो थंडीने कुडकुडतो त्याला. भाष्यकारांनी नमूद केले आहे की काही सोबत्यांना आपल्या अश्रद्धावंत नातेवाइकांना मदत करण्याचा संकोच वाटे, तेव्हा सूरह अल-बकराची २७२ वी आयत अवतरली आणि तो संकोच दूर झाला. त्यांना सन्मार्गावर आणणे अल्लाहच्या हाती आहे, खर्च करणे आपले काम आहे. म्हणून आपल्या गल्लीतील, रेल्वे स्थानकाबाहेरील, ऊसतोडीच्या पालांवरील कोणत्याही माणसाला देताना त्याचा धर्म विचारू नये.

तर भगिनींनो, या हिवाळ्यात घरातील लोकरीच्या गुंड्या शोधा. ज्या मुलीला विणता येत नाही, तिला जवळ बसवून पहिली साखळी शिकवा. प्रत्येक खांबासोबत जिभेवर अल्लाहचे नाव असू द्या. शेवटचा टाका पक्का करा, आणि मनातील हेतूही तितकाच पक्का करा.

हे अल्लाह! आमच्या हातांना हलाल कष्टाची शक्ती दे. आमचे थोडके दान स्वीकार कर आणि दिखाव्याने ते उसवू देऊ नकोस. ज्या दिवशी तुझ्या छायेखेरीज दुसरी छाया नसेल, त्या दिवशी आम्हाला तुझ्या कृपेचे पांघरूण लाभू दे. आमीन.