कडी घालणाऱ्याचा धर्म

माझ्या आजीला शेवटच्या वर्षी भ्रम झाला होता. पहाटे उठून ती ‘माहेरी जाते’ म्हणून निघायची. एकदा ओढ्यापाशी सापडली, तेव्हापासून आम्ही रात्री तिच्या खोलीला बाहेरून कडी घालू लागलो. त्याच दिवशी आईने आपले अंथरूण त्या दाराशी टाकले. मी कारण विचारले, तर म्हणाली, “अरे, कडी आपण घातली ना? मग तिला तहान लागली तर ती उठून येणार आहे का?”

फराळाच्या ताटाशी ही आठवण कशाला, असे आपण म्हणाल. पण परवा एक जुनी हकीकत वाचली आणि आईचे ते वाक्य मनातून जाईना.

२०१३ च्या जानेवारीत कॅनडाचा एक ८४ वर्षांचा म्हातारा लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर उतरला. त्याला हीथ्रोशेजारच्या हार्मंड्सवर्थ येथील स्थानबद्धता केंद्रात ठेवण्यात आले. त्याला स्मृतिभ्रंश होता. हा माणूस कोंडून ठेवण्याजोगा नाही, असे डॉक्टरने लिहून दिले होते. फेब्रुवारीत तो वारला, तेव्हा त्याच्या हातांत बेडी होती.

कायदा नव्हता असे नाही. २००१ च्या नियमांप्रमाणे केंद्रात आलेल्या माणसाची चोवीस तासांत वैद्यकीय तपासणी व्हायची असते. कोंडल्याने प्रकृतीला अपाय होईल, हा जीव देईल, किंवा याचा पूर्वी छळ झाला असावा, असे वाटल्यास डॉक्टरने तसे कळवायचे असते. मग घोडे अडते कुठे? डॉक्टरचा कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो आणि तिथे त्याचे नुसते मत होते. एका पारड्यात दुखणे, दुसऱ्यात माणसाला परत धाडण्याची निकड; तराजू मात्र धाडणाऱ्याच्याच हाती! गॅटविकच्या ब्रुक हाउस केंद्राच्या चौकशीचा अहवाल २०२३ साली आला. ही संरक्षणे तिथे कोलमडली होती, असे त्यात नमूद आहे. कोणालाही २८ दिवसांहून अधिक ठेवू नये, ही त्यातली शिफारस सरकारने मानली नाही. तुरुंगातला चोरसुद्धा सुटकेचे दिवस भिंतीवर मोजतो. या माणसांना मोजायला आकडाच नाही.

देशाला आपले दार लावण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. रात्री मीही लावतो. पण एखाद्याला आत घेऊन बाहेरून कडी घातली, की गोष्ट बदलते. मोकळा माणूस दुखले-खुपले तर स्वतः वैद्याकडे जातो, शेजाऱ्याला हाक मारतो. कडी घालणारा त्याचे पाय काढून घेतो. तेव्हा त्याच्यासाठी चालणे हे कडी घालणाऱ्याचे देणे होते. त्याला दया म्हणू नये. आणि डॉक्टर ‘नको’ म्हणाल्यावरही कडी निघत नसेल, तर ती का निघाली नाही, याचा जबाब कडी घालणाऱ्याने लगोलग न्यायाधीशापुढे द्यावा.

हे सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही. आई एकदा गावाला गेली होती. त्या रात्री दाराशी मी झोपायचे ठरले होते. थंडी होती, मी माडीवर जाऊन झोपलो. सकाळी कडी काढली, तर आजी दाराला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. ती काहीच बोलली नाही. हाक मारल्याचे तिला आठवत नव्हते. तिने ती किती वेळ मारली असेल, हे मी अजून स्वतःला विचारतो.